मिळकतकराचे बिल कागद-पेन्सिलीने तपासता येते

कोथरूडला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत. गेल्या मे महिन्यात त्या दोन बिले घेऊन आमच्याकडे आल्या आणि दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक त्यांच्या स्वतःच्या, १९८०च्या दशकात बांधलेल्या इमारतीतील दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या घराचे होते आणि दुसरे मुलीने बालेवाडीत अलीकडेच घेतलेल्या सदनिकेचे. दोन्ही घरांचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखे, दोन्हींवर पुणे महानगरपालिकेचेच चिन्ह. तरी मुलीच्या बिलाची रक्कम आईच्या बिलाच्या कितीतरी पट. "घर तेवढेच, महापालिका तीच, मग आकडा असा कसा?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि चाळीस वर्षे मुलांकडून उत्तराच्या पायऱ्या लिहून घेणाऱ्या त्या बाईंना बिलावर पायऱ्याच दिसत नव्हत्या, ही त्यांची खरी तक्रार होती.

पायऱ्या आहेत, आणि त्या अवघड नाहीत. ज्याला आपण घरपट्टी म्हणतो आणि महापालिकेच्या कागदावर जो मिळकतकर म्हणून येतो, त्याचा हिशेब सातवी-आठवीच्या गणितापलीकडे जात नाही. अडचण एवढीच की त्या हिशेबाची सुरुवात कुठून होते हे बहुतेकांना ठाऊक नसते. घराच्या किमतीवर कर लागत असणार असे गृहीत धरून आपण बिल वाचू लागतो आणि पहिल्याच ओळीत वाट चुकते.

पुण्यात हा कर घराच्या किमतीवर लागत नाही. घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती भाडे वाजवीपणे मिळू शकले असते, यावर तो लागतो. मालक स्वतः त्या घरात राहत असो, घर कुलूपबंद असो किंवा भाडेकरू असो, सुरुवात या कल्पिलेल्या भाड्यापासूनच होते. पुणे महापालिकेला लागू असलेल्या १९४९च्या कायद्यात, म्हणजे आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात, करविषयक नियमांमध्ये हे स्पष्ट लिहिलेले आहे: मिळकत वर्षानुवर्षे भाड्याने दिल्यास जे वार्षिक भाडे वाजवीपणे अपेक्षित धरता येईल, त्यातून दुरुस्ती व इतर सर्व बाबींपोटी दहा टक्के वजा करायचे आणि उरेल ती वार्षिक करपात्र रक्कम. हिलाच करयोग्य मूल्य असेही म्हणतात. बिलावर हा आकडा छापलेला असतो, पण आपली नजर तळाच्या एकूण रकमेकडे धावते आणि याच्याकडे कोणी पाहत नाही. माझ्या मते बिलावरचा सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे, कारण त्याच्या खाली जे काही लिहिलेले असते ते त्याच्यावर लावलेल्या टक्केवारीतूनच येते.

मुंबईचे नियम वेगळे आहेत, हे येथेच सांगून टाकायला हवे. मुंबई महापालिकेने २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित पद्धत स्वीकारली असून तेथे घराचा कर त्याच्या बाजारमूल्याशी जोडलेला आहे. शिवाय तेथे १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. ही माफी पुण्यालाही आहे असे समजून बिल बाजूला ठेवून देणारे लोक मी पाहिले आहेत. ती पुण्याला लागू नाही. त्याचप्रमाणे पिंपरी-चिंचवड ही स्वतंत्र महापालिका आहे, पुणे आणि खडकी कटक मंडळांच्या (कँटोन्मेंट बोर्डांच्या) हद्दीत कटक मंडळाचा स्वतंत्र कर असतो, आणि हद्दीबाहेरच्या गावांत ग्रामपंचायत आपली घरपट्टी आकारते. नातेवाइकांच्या बिलाशी आपले बिल ताडून पाहण्याआधी दोघांचा कर घेणारी संस्था एकच आहे ना, एवढे पाहावे.

आता काकूंच्या टेबलावर केलेला हिशेब. समजण्यासाठी आम्ही सोपे आकडे घेतले. ते कोणत्याही भागाचे प्रत्यक्ष दर नाहीत. समजा घराचे क्षेत्रफळ ६०० चौरस फूट आहे आणि त्या भागासाठी व त्या प्रकारच्या बांधकामासाठी वाजवी भाड्याचा दर दरमहा चौरस फुटाला ४ रुपये धरला आहे. महिन्याचे भाडे झाले २,४०० रुपये. वर्षाचे २८,८०० रुपये. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के, म्हणजे २,८८० रुपये वजा केले की उरतात २५,९२० रुपये. घर भाड्याने दिलेले असेल किंवा मालक तेथे राहत नसेल, तर हीच वार्षिक करपात्र रक्कम. मालक स्वतः राहत असेल तर पुण्यातील चाळीस टक्क्यांची सवलत लागू होते आणि या रकमेचे साठ टक्केच धरले जातात, म्हणजे १५,५५२ रुपये. दहा टक्के आधी वजा केले काय आणि चाळीस टक्के आधी वजा केले काय, उत्तर तेच येते, हे काकूंनी कोणी न सांगताच करून पाहिले.

या १५,५५२ रुपयांवर मग निरनिराळे कर बसतात. सगळ्यांची मिळून टक्केवारी केवळ हिशेबापुरती ५० धरली तर वर्षाचा कर ७,७७६ रुपये येईल. आणि तेच घर भाड्याने दिलेले असेल तर १२,९६० रुपये.

या दोन आकड्यांकडे थोडे थांबून पाहणे गरजेचे आहे, कारण चाळीस टक्क्यांच्या सवलतीविषयी बहुतेकांचा हिशेब येथे चुकतो. सवलत असताना शंभराचे साठ होतात. पण सवलत गेली की साठाचे शंभर होतात. म्हणजे बिल चाळीस टक्क्यांनी नव्हे, तर सुमारे ६७ टक्क्यांनी वाढते. ७,७७६ वरून १२,९६०. एखाद्या वर्षी अचानक बिल जवळजवळ पावणेदोन पट आले, तर करवाढ झाली असे म्हणण्याआधी मागच्या वर्षीच्या बिलावरची वार्षिक करपात्र रक्कम आणि या वर्षीची रक्कम शेजारी ठेवून भागाकार करावा. उत्तर १.६७ च्या आसपास आले, तर सवलत निघाली आहे, दुसरे काही झालेले नाही.

ही सवलत पुण्यात १९७० पासून चालत आली. स्वतः राहणाऱ्या घरमालकाच्या बाबतीत वाजवी भाडे साठ टक्केच धरावे, असा ठराव महापालिकेच्या मुख्य सभेने त्या वर्षी केला होता, आणि त्याचबरोबर दुरुस्तीची वजावट कायद्यातील दहा टक्क्यांऐवजी पंधरा टक्के धरली जात होती. लेखापरीक्षणात पुढे यावर आक्षेप निघाले, आणि २०१९ साली राज्य शासनाने तो ठराव रद्द केला. त्यानंतर, म्हणजे १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना सवलत मिळाली नाही, आणि तपासणीत मालक स्वतः राहत नसल्याचे दिसलेल्या जुन्या घरांचीही ती निघाली. शहरभर नाराजी पसरली, ती रास्तच होती. पन्नास वर्षे ज्या हिशेबावर लोकांनी घरखर्च बसवला तो एका आदेशाने बदलला होता. अखेर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने चाळीस टक्क्यांची सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. दुरुस्तीची वजावट मात्र १ एप्रिल २०२३ पासून पंधरावरून कायद्याप्रमाणे दहा टक्क्यांवर आणली गेली, आणि आधीच्या वर्षांतील पाच टक्क्यांच्या फरकाची वसुली सोडून देण्यात आली.

हा पंधराचा दहा होण्याचा बदल पुष्कळांच्या लक्षात आला नाही, पण २०२३-२४ च्या बिलात तो आहे. आमच्याच उदाहरणात पंधरा टक्के वजा केले असते तर २८,८०० चे २४,४८० झाले असते आणि त्यांचे साठ टक्के म्हणजे १४,६८८. आता ते १५,५५२ आहेत. फरक ८६४ रुपयांचा, म्हणजे करपात्र रकमेत जवळजवळ सहा टक्के वाढ. कराचे दर जिथल्या तिथे राहिले तरी एवढी वाढ केवळ या एका ओळीतून होते.

दर कुठून येतो आणि जुने घर स्वस्त का

गणितात दोन अंक महत्त्वाचे: क्षेत्रफळ आणि दर. क्षेत्रफळ मोजता येते. दर मात्र महापालिका ठरवते, आणि तो घर कोणत्या भागात आहे, बांधकाम काँक्रीटच्या सांगाड्याचे आहे की भिंतींवर तोललेले की पत्र्याचे, वापर राहण्याचा आहे की दुकान-कार्यालयाचा, यांवर अवलंबून असतो. काकूंच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र आणखी एका गोष्टीत आहे: आकारणी कोणत्या वर्षी झाली.

काकूंच्या इमारतीची आकारणी झाली तेव्हा त्या काळच्या कोथरूडमध्ये जे भाडे वाजवी मानले जात होते, ते धरून करपात्र रक्कम ठरली आणि ती नोंदवहीत बसली. महापालिकेला पुढे उत्पन्न वाढवायचे असते तेव्हा सर्वसाधारणपणे कराची टक्केवारी वाढवली जाते. जुन्या प्रत्येक घराचे भाडे नव्याने ठरवले जात नाही. टक्केवारी वाढली की सगळ्यांची बिले सारख्याच प्रमाणात वाढतात, आणि मूळ अंतर जसेच्या तसे राहते. मुलीच्या घराची आकारणी आजच्या बालेवाडीच्या दराने झाली. त्यामुळे दोन्ही बिले नियमाप्रमाणे बरोबर असूनही त्यांची बरोबरी होऊ शकत नाही. मला स्वतःला हे अंतर न्याय्य वाटत नाही. सारखेच रस्ते वापरणाऱ्या आणि सारखेच पाणी पिणाऱ्या दोन कुटुंबांपैकी जे नंतर शहरात आले किंवा ज्यांनी नंतर घर घेतले त्यांच्यावर जास्त भार पडतो, आणि ते बहुधा गृहकर्जाचे हप्तेही भरत असतात. पण जुन्या घरांची भाडी एकदम आजच्या दराने धरली, तर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या काकूंसारख्यांचे काय, या प्रश्नालाही सोपे उत्तर नाही.

पेठांतील वाड्यांच्या बाबतीत कायद्याचा आणखी एक धागा आहे. भाडेनियंत्रण कायद्याने ज्या घराचे भाडे बांधले गेले आहे, त्याच्याकडून 'वाजवीपणे अपेक्षित' भाडे त्या कायद्याने ठरणाऱ्या प्रमाण भाड्यापेक्षा जास्त कसे धरता येईल? १९७९ साली दिवाण दौलत राय कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले: घरमालक कायद्याने जे भाडे घेऊ शकत नाही ते मिळेल असे गृहीत धरून कर लावता येत नाही. ज्या वाड्यात दोन-तीन पिढ्यांचे भाडेकरू महिना शंभर-दोनशे रुपयांवर राहत आहेत, त्याचा कर इतका कमी का, याचे कारण यातच आहे. तोच वाडा पाडून त्या जागी नवी इमारत उभी राहिली की आकारणी नव्याने होते, आणि पुनर्विकासात दोनशे चौरस फूट जास्त मिळाल्याच्या आनंदात असलेल्या कुटुंबाला पहिले बिल हातात पडल्यावर धक्का बसतो. पुनर्विकासाच्या बैठकीत भाडे, कॉर्पस (विकसकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) आणि पार्किंग यांवर तासन् तास चर्चा होते. नव्या इमारतीचा मिळकतकर किती येईल हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे समाविष्ट झाली, तेथील गोष्ट वेगळी आहे. ग्रामपंचायतीची घरपट्टी २०१५ च्या नियमांनुसार भांडवली मूल्यावर होती, आणि महापालिकेत येताच ती भाड्यावर आधारित पद्धतीत गेली. भार एकदम पडू नये म्हणून नव्याने हद्दीत आलेल्या भागांसाठी कायद्यात कर टप्प्याटप्प्याने वाढवत पूर्ण दरापर्यंत नेण्याची तरतूद आहे. तरीही रस्ता, पाणी आणि सांडपाण्याची सोय पोहोचण्याआधी महापालिकेचे बिल पोहोचले, ही तेथील लोकांची तक्रार आहे.

एका बिलात किती कर

करपात्र रक्कम ठरली की खाली ओळींची रांग लागते: सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, सफाई, अग्निशमन, वृक्षसंवर्धन, पथकर (रस्त्यांसाठीचा), महापालिकेचा शिक्षण उपकर, आणि राज्य शासनाचा शिक्षण कर. यांत सर्वसाधारण कर सर्वांत मोठा असतो. कायद्यानुसार तो करपात्र रकमेच्या किमान बारा टक्के असावा लागतो आणि रक्कम वाढेल तसा चढत्या टप्प्यांनी लावता येतो. म्हणूनच करपात्र रक्कम थोडी वाढून वरच्या टप्प्यात गेली तर बिल त्या प्रमाणापेक्षा जास्त वाढू शकते.

राज्य शासनाचा शिक्षण कर हा १९६२ च्या कायद्यातून आलेला आहे. तो महापालिका गोळा करते, पण तो राज्याच्या तिजोरीत जातो, आणि निवासी जागेपेक्षा बिगरनिवासी जागेवर त्याचा दर जास्त आहे. त्याच कायद्यातील रोजगार हमी उपकर केवळ बिगरनिवासी जागांवर आहे. आपल्या राहत्या घराच्या बिलात रोजगार हमीची ओळ दिसली, तर घराचा काही भाग नोंदवहीत बिगरनिवासी म्हणून गेला आहे हे ओळखावे. पूर्वी कधी पुढच्या खोलीत दवाखाना, शिकवणी किंवा वकिलीचे कार्यालय चालत असेल आणि ते बंद होऊन वर्षे झाली असतील, तरी कोणी अर्ज केल्याशिवाय नोंद आपोआप बदलत नाही. याउलट, १२५ चौरस मीटरपेक्षा मोठ्या सदनिकेच्या मालकाला मोठ्या निवासी जागांवरील राज्य शासनाच्या कराची आणखी एक ओळ दिसेल. ती चूक नव्हे.

पाणीपट्टीविषयी एक गैरसमज वारंवार आढळतो. घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते आणि ती करपात्र रकमेशी जोडलेली असते. आपण किती बादल्या पाणी वापरले याच्याशी तिचा संबंध नाही. त्यामुळे सोसायटीने टँकर मागवला म्हणून पाणीपट्टी कमी होत नाही, आणि घरात दोनच माणसे राहतात म्हणूनही नाही. कचऱ्याचेही असेच. 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई दारावर येऊन दरमहा जे शुल्क घेतात ते त्यांच्या कामाचे वेगळे शुल्क आहे, आणि बिलात सफाईचा कर भरला म्हणून ते नाकारणे योग्य नाही.

सवलती, दंड आणि तारखा

चाळीस टक्क्यांची सवलत आणि लवकर बिल भरल्याची सवलत यांत मोठा फरक आहे. पहिली सवलत करपात्र रकमेवरच, म्हणजे मुळावर लागते, त्यामुळे तिचा लाभ बिलातील ओळीओळीला पोहोचतो. दुसरी, म्हणजे बिलावर छापलेल्या पहिल्या मुदतीच्या आत वर्षाची संपूर्ण रक्कम भरल्यास मिळणारी ५ किंवा १० टक्क्यांची सूट, ही केवळ सर्वसाधारण करावर असते. एकूण बिलाचे दहा टक्के कमी होतील असे समजून बसणाऱ्याला तेवढी घट दिसत नाही आणि महापालिकेने चूक केली असे वाटते. चूक झालेली नसते. सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत प्रकल्प यांपैकी एक यंत्रणा असल्यास ५ आणि दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सवलतही अशीच सर्वसाधारण करावर आहे, आणि यंत्रणा चालू असली पाहिजे. गच्चीवरच्या सौर बंबाची टाकी फुटून चार वर्षे झाली असतील तर ती सवलत मागू नये. सोसायटीने आधी टाकी दुरुस्त करावी.

कर सहामाही आकारला जातो, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मुदत उलटली की थकीत रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. दोन टक्के ऐकायला थोडे वाटतात. वर्षाचे ते चोवीस होतात. दहा हजार रुपये तीन वर्षे थकले तर नुसती शास्ती ७,२०० रुपये. इतके महाग कर्ज कोणी समजून-उमजून काढणार नाही. अधूनमधून अभय योजना येते आणि शास्तीत मोठी माफी मिळते हे खरे, पण ती येईल या भरवशावर बिल थांबवून ठेवणे हे वेळेवर भरणाऱ्या शेजाऱ्यावर अन्याय करणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या घराच्या बाबतीत एक इशारा द्यावासा वाटतो. ताबा मिळाला, राहायला गेलो, वर्ष झाले, दोन वर्षे झाली, बिल आले नाही. म्हणजे कर नाही असे होत नाही. आकारणी झाली की ती मागील तारखेपासून, घर वापरात आल्यापासून धरून केली जाते आणि काही वर्षांची रक्कम एकाच बिलात येते. काकूंच्या मुलीला तिसऱ्या वर्षी पहिले बिल आले तेव्हा त्यात मागची वर्षेही होती, आणि म्हणूनच तो आकडा पाहताक्षणी इतका मोठा वाटला होता. ताबा घेतल्यापासून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढून ठेवणे हे एवढेच करण्यासारखे असते; शक्य असेल तर स्वतःहून क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आकारणीची विचारणा करावी.

परवानगीशिवाय केलेल्या बांधकामावर कायद्याने नेहमीच्या कराव्यतिरिक्त त्याच्या दुप्पट दंड आकारता येतो, म्हणून लोक त्याला तिप्पट कर म्हणतात. तो भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, हे कायद्यातच लिहिलेले आहे. छोट्या निवासी बांधकामांना यातून पुढे दिलासा दिला गेला. मिळकतकराच्या पावतीवर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध होते, हाही तितकाच धोकादायक समज आहे. पावती ही कर भरल्याची पावती असते. मालकी नोंदणीकृत दस्तावरून ठरते. पावतीवरचे नाव बदलून घेण्यासाठीही महापालिका तोच दस्त आणि इंडेक्स-२ (दस्त नोंदणीचा गोषवारा) मागते.

तपासायचे कसे

प्रत्येक मिळकतीला एक क्रमांक असतो आणि त्यात विभाग, पेठ आणि खाते असे तीन भाग असतात. शहर कितीही पसरले तरी मिळकतकराच्या नोंदीत अजून पेठच आहे, आणि त्या भागाची आकारणी पाहणाऱ्या कर्मचाऱ्यालाही पेठ निरीक्षकच म्हणतात, मग तो भाग बाणेरचा असो वा वडगाव शेरीचा. हे तीन भाग घालून महापालिकेच्या संकेतस्थळावर बिल पाहता येते.

क्षेत्रफळ तपासताना सर्वांत जास्त घोटाळा होतो, म्हणून तिथे वेळ द्यावा. २०१७ नंतरच्या, महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) नोंदलेल्या प्रकल्पांच्या करारनाम्यात चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्रफळ, लिहिलेले असते, बहुधा चौरस मीटरमध्ये. जुन्या करारनाम्यात बिल्ट-अप (भिंतींसह) किंवा सुपर बिल्ट-अप असते, आणि सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटाही मिसळलेला असतो. आकारणीच्या नोंदीत यांपैकी कोणते क्षेत्रफळ धरले आहे हे आधी विचारावे, आणि मग सारख्याची तुलना सारख्याशी करावी. चौरस मीटरचे चौरस फूट करण्यासाठी १०.७६४ ने गुणावे. मुलीच्या करारनाम्यातील ५५.७५ चौरस मीटरचे काकूंनी ६०० चौरस फूट काढले, तेव्हा नोंदीतील आकडा त्याच्याशी जुळतो का एवढेच पाहायचे राहिले. गच्ची, बंद केलेली बाल्कनी आणि पार्किंग वेगवेगळे नोंदलेले असतील तर तेही तसेच जुळवावेत. त्यानंतर वापराची नोंद, आणि शेवटी स्वतःच्या वापराची सवलत लागली आहे की नाही.

सवलत लागलेली नसेल तर पीटी-३ अर्ज करावा लागतो. त्यासोबत मालक स्वतः राहतो असे सोसायटीचे पत्र, त्याच पत्त्याचे मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, गॅस कार्ड किंवा शिधापत्रिका यांसारखा पुरावा, आणि पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत जोडायची असते. सवलत एकाच घराला मिळते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा पेठ निरीक्षकाकडे देता येतो. पोच घ्यावी आणि ती बिलाला टाचून ठेवावी. २०१९ नंतर ज्यांनी सवलतीशिवाय पूर्ण कर भरला आणि नंतर ते पात्र ठरले, त्यांची जादा रक्कम रोख परत न करता पुढील बिलांतून वळती करण्याचे धोरण आहे, म्हणून त्यांनी पुढच्या वर्षीचे बिलही तेवढ्याच काळजीने पाहावे.

क्षेत्रफळ, वापर किंवा दर यांबाबत आक्षेप असेल तर नोटिशीवर दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी. तोंडी बोलणे, खिडकीवर वाद घालणे याला नोंद राहत नाही. हरकतीवर सुनावणी होते आणि निर्णय पटला नाही तर लघुवाद न्यायालयात अपील करता येते. मात्र त्यासाठी मुदत पंधराच दिवसांची आहे, आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली असावी लागते, आणि वादातील कराची रक्कम भरलेली असावी लागते. ही शेवटची अट पुष्कळांना माहीत नसते. कर न भरता भांडत राहिलो तर न्यायालय अपील ऐकत नाही, आणि तिकडे दरमहा दोन टक्के चढतच राहतात. म्हणून आक्षेप नोंदवून रक्कम भरणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. निर्णय बाजूने लागला तर भरलेली रक्कम हिशेबात येते.

काकूंनी त्या संध्याकाळी मुलीच्या बिलावरची करपात्र रक्कम घेतली, तिला ०.९ ने भागले, मग १२ ने, मग ६०० ने, आणि महापालिकेने धरलेला दरमहा चौरस फुटाचा दर काढला. मग इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर मुलीला विचारायला सांगितले. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या सदनिकेचे क्षेत्रफळ तेवढेच होते, पण त्यांच्या करपात्र रकमेवर तेच गणित केले तर दर कमी येत होता, बरोबर साठ टक्के. म्हणजे दर सारखाच होता. शेजाऱ्याला सवलत लागली होती, मुलीला लागली नव्हती. तिने पीटी-३ अर्ज भरलेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी सोसायटीच्या सचिवांना पत्रासाठी फोन केला.